डच वाक्याची सांडशी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं एकाच दुखण्याबद्दल आहेत. डच शब्द कळतात, वाक्य कळत नाही. उत्तरांआधी लिपीबद्दल थोडंसं. डच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. डच ‘ग’ घशातून घासत येतो, म्हणून तो ‘ख’ लिहिला आहे. ‘झ’ हा ‘माझा’तला. शब्दाच्या शेवटी ऽ दिसला तर तिथला ‘अ’ स्पष्ट म्हणायचा, मराठीच्या सवयीने गिळायचा नाही, कारण डच व्याकरणात त्या एका ‘अ’वर बरंच काही अडतं. शब्दाच्या अंती येणारा ‘द’ बोलताना ‘त’ होतो आणि ‘ब’चा ‘प’. इथे बोललेलं रूप दिलं आहे.

प्रश्न : ॲमस्टरडॅमला असलेल्या मुलाने नगरपालिकेकडून आलेलं पत्र वाचायला पाठवलं. त्यातल्या एका वाक्याचा प्रत्येक शब्द कोशात पाहिला, तरी अर्थ लागला नाही. वाक्य असं : ‘द व्होरख यार दोर द खमेन्तऽ आन द ऐखनार व्हान हेत औदऽ हाउस व्हरलेन्दऽ व्हरखुनिंग इस इनखत्रोकन.’ सुरुवातीचा ‘द’ नेमका कोणाचा? (कोथरूड)

उत्तर : तो ‘द’ शेवटून तिसऱ्या शब्दाचा, म्हणजे ‘व्हरखुनिंग’चा, परवानगीचा. मधले तेरा शब्द त्या परवानगीचं विशेषण आहेत. डचमध्ये या रचनेला ‘तांगकोन्स्त्रुक्सी’ म्हणतात. ‘तांग’ म्हणजे पक्कड किंवा सांडशी. एक पातं उपपद (इंग्रजी ‘the’, ‘a’सारखा शब्द), दुसरं पातं नाम, आणि मध्ये पकडलेलं गरम भांडं.

आता हेच वाक्य इंग्रजीत नेऊ नका, थेट मराठीत आणा. व्होरख यार : गेल्या वर्षी. दोर द खमेन्तऽ : नगरपालिकेने. आन द ऐखनार व्हान हेत औदऽ हाउस : जुन्या घराच्या मालकाला. व्हरलेन्दऽ : दिलेली. व्हरखुनिंग : परवानगी. इस इनखत्रोकन : मागे घेण्यात आली आहे. ‘गेल्या वर्षी नगरपालिकेने जुन्या घराच्या मालकाला दिलेली परवानगी मागे घेण्यात आली आहे.’ तुकड्यांचा क्रम एकदाही बदलावा लागला नाही. इंग्रजीत हा सगळा ऐवज नामाच्या मागे टाकावा लागतो. शाळेपासून आपण परकी भाषा म्हटली की इंग्रजीच्या दारातून आत शिरतो, आणि इथे नेमकं तेच दार बंद आहे.

वाचण्याची पद्धत अशी. ‘द’, ‘हेत’ किंवा ‘अन’ हे उपपद दिसलं आणि त्याच्या लगेच पुढे नाम किंवा साधं विशेषण न येता ‘दोर’, ‘इन’, ‘आन’, ‘ओप’ यांसारखं शब्दयोगी अव्यय आलं, किंवा ‘खिस्तरन’ (काल), ‘व्होरख यार’ असा काळवाचक शब्द आला, की पेन्सिलीने कंस उघडायचा. दोन उपपदं जवळजवळ एकमेकांना चिकटून दिसली, जसं ‘हेत दोर द…’, तर खात्रीच समजा. मग मधली नामं सोडून देत पुढे जायचं, धातुसाधित (क्रियापदापासून बनलेलं विशेषण, जसं ‘व्हरलेन्दऽ’) सापडेपर्यंत. त्यानंतर बिनउपपदाचं जे नाम येतं, तिथे कंस बंद होतो. धातुसाधित आणि नाम यांच्यामध्ये एखादं साधं विशेषण येऊ शकतं. ते नामाचंच असतं, त्याने गोंधळू नका.

तुमची चूक बहुधा ‘ऐखनार’पाशी झाली असणार. पहिलं ओळखीचं नाम दिसलं की मन तिथेच थांबतं आणि सुरुवातीचा ‘द’ त्याला जोडून मोकळं होतं. पण ‘ऐखनार’ला स्वतःचा ‘द’ आहे, ‘हाउस’ला स्वतःचा ‘हेत’ आहे. ज्याला उपपद मिळालेलं आहे त्याला दुसरं कशाला हवं? शिल्लक राहतं ते बिनउपपदाचं नाम आणि त्याची वाट पाहत असलेला पहिला ‘द’.

मराठीपेक्षा वेगळी गोष्ट एकच. आपले प्रत्यय मागे लागतात (नगरपालिके-ने, मालका-ला), त्यांचे शब्द पुढे येतात (दोर खमेन्तऽ, आन ऐखनार). आणि ‘घराचा मालक’ त्यांच्याकडे ‘मालक व्हान घर’ असा उलटा होतो. तुकड्याच्या आत उलट, तुकड्यांचा क्रम सुलट.

सरावासाठी वर्तमानपत्रातली कुठलीही ‘जाहीर नोटीस’ घ्या. ‘खाली नमूद केलेल्या मिळकतीचे’ अशी सुरुवात करणारा पुण्याचा वकील डच सरकारी कारकुनाचा सख्खा भाऊ शोभेल. ‘द इन आर्तीकल ३ खनूम्दऽ व्होरवार्दन’ म्हणजे ‘कलम ३ मध्ये नमूद केलेल्या अटी’, अगदी शब्दाला शब्द.

मात्र हे वाचण्यापुरतं. स्वतः लिहिताना उपपद आणि धातुसाधित यांच्यामध्ये तीन-चार शब्दांपेक्षा जास्त गर्दी झाली, तर सांडशी सोडा आणि ‘दी’ किंवा ‘दात’ने वाक्य उलगडा : ‘द व्हरखुनिंग दी द खमेन्तऽ व्होरख यार हेफ्त व्हरलेन्त’, म्हणजे ‘जी परवानगी नगरपालिकेने गेल्या वर्षी दिली’. ‘द’च्या नामांना आणि सगळ्या अनेकवचनांना ‘दी’, ‘हेत’च्या एकवचनी नामांना ‘दात’. बोलताना तर लांब सांडशी कुणीच वापरत नाही. वापरलीत तर परिपत्रक वाचून दाखवताय असं वाटेल.

प्रश्न : ‘-लेला’ म्हणजे भूतकाळवाचक धातुसाधित आणि ‘-णारा’ म्हणजे वर्तमानकाळवाचक, असं धरून भाषांतरं केली. निम्मी बरोबर आली, निम्म्यांवर लाल रेघ. ‘जेवलेला माणूस’ला तर शिक्षक हसले. (औंध)

उत्तर : हसणारच. ‘द खखेतन मान’ म्हणजे जेवलेला माणूस नव्हे, खाल्लेला माणूस. वाघाने वगैरे.

कारण असं की मराठीचं ‘-लेला’ दोन्हीकडे चालतं. ‘वाचलेलं पुस्तक’मध्ये ते कर्माला लागतं, ‘पुस्तक वाचलेला मुलगा’मध्ये कर्त्याला. डच भूतकाळवाचक धातुसाधित सकर्मक क्रियापदाचं असेल तर फक्त कर्माला लागतं. म्हणून ‘परीक्षा दिलेले विद्यार्थी’ याला सांडशी नाही. ‘द स्तुदेन्तन दी एक्सामन हेबन खदान’ असं उलगडूनच म्हणावं लागतं.

अकर्मक क्रियापदांसाठी एक कसोटी आहे. पूर्ण भूतकाळ करताना ते क्रियापद ‘हेबन’ (इंग्रजी ‘have’) घेतं की ‘झैन’ (‘be’), ते पाहा. ‘झैन’ घेणारी, म्हणजे येणं, पोचणं, वाढणं, मरणं अशी स्थिती बदलणारी क्रियापदं, सहसा कर्त्यालाही लागतात. ‘काल पुण्यात आलेले पाहुणे’ : ‘द खिस्तरन इन पुणे आनखकोमन खास्तन’. ‘पुण्यात वाढलेली मुलगी’ : ‘हेत इन पुणे ओपखख्रूइदऽ मैशऽ’. पण राहणं, काम करणं, झोपणं ही ‘हेबन’वाली. ‘काम केलेला माणूस’ म्हणून ‘द खवेर्क्तऽ मान’ लिहिलंत तर ते डच नाही.

दुसरा खड्डा बसण्या-उठण्याचा. मराठीत ‘झोपलेलं मूल’, ‘बसलेला माणूस’ म्हणताना क्रिया होऊन गेली आणि स्थिती उरली, असा विचार असतो. डचमध्ये ती स्थिती आत्ता चालू आहे, म्हणून वर्तमानकाळवाचक रूप : ‘हेत स्लापन्दऽ किन्त’, ‘द झित्तन्दऽ मान’. ‘झोपणारं मूल’ असं मराठीत म्हटलं तर रोज दुपारी झोपण्याची सवय असलेलं मूल डोळ्यांसमोर येतं, पण इथे रूप तेच. उलट ‘दारासमोर लावलेली गाडी’ कुणीतरी आणून लावली आहे, म्हणून ती ‘द व्होर द दूर खपार्केर्दऽ औतो’. म्हणजे विचारायचं ते असं : हे कुणी केलं, की ते स्वतः तसं आहे? ‘साडी नेसलेली बाई’ यात दोन्ही उपाय फसतात. तिथे सरळ ‘द व्ह्राउ इन द सारी’ म्हणा, म्हणजे ‘साडीतली बाई’.

‘-णारा’चंही सगळं सरळ नाही. ‘येणारा आठवडा’ हा ‘द कोमन्दऽ वेक’ होतो, पण ‘उद्या येणारे पाहुणे’मधला भविष्यकाळ डच धातुसाधिताला झेपत नाही : ‘द खास्तन दी मोर्खन कोमन’. आणि ‘पुस्तक वाचणारी मुलगी’साठी ‘हेत अन बूक लेझन्दऽ मैशऽ’ व्याकरणात बसतं, पण ‘हेत अन’ असे दोन उपपदांचे ठसके लागोपाठ कानाला खुपतात. ‘हेत मैशऽ दात अन बूक लेस्त’ म्हणावं.

प्रश्न : शेवटी ‘ऽ’ कधी लावायचा? ‘बतालत’ आणि ‘बताल्दऽ’ दोन्ही दिसतात. (सिंहगड रस्ता)

उत्तर : नामाच्या आधी आलं की लावायचा. अपवाद दोन. नाम ‘हेत’चं, एकवचनी आणि त्याला ‘अन’ लागलेलं असेल तर नाही : ‘हेत व्हरकोख्तऽ हाउस’, पण ‘अन व्हरकोख्त हाउस’. ‘द’च्या नामाला ‘अन’ असलं तरी लागतोच : ‘अन बताल्दऽ रेकनिंग’. दुसरा अपवाद ‘-अन’ने संपणाऱ्या भूतकाळवाचक धातुसाधितांचा. त्यांना कधीच काही लागत नाही : ‘द व्हरलोरन स्लोतल’ (हरवलेली किल्ली), ‘द खस्ख्रेव्हन ब्रीफ’ (लिहिलेलं पत्र). ‘खदान’ मात्र दीर्घ ‘आन’ने संपतं, त्याला लागतो. ‘खदानऽ झाकन नेमन खेन केर’ ही म्हण लक्षात ठेवली की झालं. अर्थ आपला नेहमीचा : झालं ते झालं. धातुसाधित वाक्याच्या शेवटी क्रियापदासोबत असेल (‘द रेकनिंग इस बतालत’), तर काहीच नाही.

लिहिताना होणारी चूक अशी, की ‘रुंद केलेला रस्ता’मधलं विशेषण आणि ‘रस्ता रुंद केला’मधलं भूतकाळी क्रियापद दोन्ही ‘व्हरब्रेदऽ’ असंच ऐकू येतं. क्रियापदात ‘ए’ दोनदा आणि ‘द’ दोनदा लिहितात, विशेषणात दोन्ही एकेकदाच. डच माणसंही इथे अडखळतात.

धातुसाधिताच्या अंती ‘त’ की ‘द’ हा प्रश्न असेल तर ‘त कोफ्स्खिप’ हे जहाज लक्षात ठेवा. त्यातली व्यंजनं त, क, फ, स, ख, प. (हा ‘ख’ डच लिपीतल्या ‘ch’चा, ‘ग’चा नव्हे.) मूळ क्रियापदातलं ‘-अन’ काढल्यावर शेवटी यांपैकी काही उरलं तर ‘त’, नाहीतर ‘द’. ‘-अन’ काढून पाहायचं, एकवचनी रूप पाहून नाही. ‘लेव्हन’ (जगणं) यात ‘व्ह’ उरतो, ‘फ’ नाही, म्हणून लिहिताना शेवटी ‘द’. हे फक्त नियमित क्रियापदांना लागू.

प्रश्न : फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून मग डच घेतलं. सोपं जाईल असं वाटलं होतं. जर्मनचं काय उपयोगी पडतं आणि काय आड येतं? (नारायण पेठ)

उत्तर : सांडशी जर्मनमध्येही आहे, त्यामुळे वाचन तुम्हाला जड जाऊ नये. आड येतात त्या तीन सवयी. पहिली, विभक्तीचे प्रत्यय शोधण्याची. डचमध्ये ते नाहीत, फक्त वरचा ‘ऽ’ आहे किंवा नाही. ‘-अन’ने संपणाऱ्या धातुसाधितालाही शेपूट जोडायची जर्मन सवय (‘डेअर गश्रीबनऽ ब्रीफ’) इथे मोडावी लागते.

दुसरी, गौण वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदांचा क्रम. ‘मला वाचायचं आहे म्हणून’ हे जर्मन ‘लेझन विल’ असं संपवते, डच ‘विल लेझन’ असं. जर्मनचा हात इथे हमखास घसरतो.

तिसरी ‘भरायचा अर्ज’. जर्मनमध्ये त्यासाठी ‘त्सु’ आणि वर्तमानकाळवाचक धातुसाधित घालून एकच शब्द बांधतात. डचमध्ये नुसतं ‘तऽ’ आणि मूळ क्रियापद, शेपूट नाही : ‘हेत इन तऽ व्हुलन फॉर्मुलीर’. क्रियापद फुटणारं असेल, जसं ‘इनव्हुलन’, तर ‘तऽ’ त्या फटीत जाऊन बसतो. मराठीत हे जसंच्या तसं आहे : ‘द तऽ बतालन बलास्तिंग’ म्हणजे ‘भरावयाचा कर’. ‘इनखव्हुल्दऽ’ असेल तर अर्ज भरून झाला, ‘इन तऽ व्हुलन’ असेल तर अजून तुमच्याकडे काम बाकी आहे. सरकारी पत्रात आधी एवढं पाहिलं तरी निम्मी धास्ती कमी होते.

प्रश्न : ‘ॲमस्टरडॅमला पोचल्यावर पाऊस पडत होता’ याचं ‘आनखकोमन इन आम्स्तर्दाम रेखन्दऽ हेत’ असं केलं. शब्द सगळे बरोबर, तरी चूक दिली. (हडपसर)

उत्तर : या वाक्यात पाऊसच ॲमस्टरडॅमला पोचला. सुट्या धातुसाधित तुकड्याचा कर्ता तोच, जो मुख्य वाक्याचा. ‘आनखकोमन इन आम्स्तर्दाम बेल्दऽ इक मैन मूदर’ (पोचल्यावर मी आईला फोन केला) हे बरोबर, कारण पोचलो मी आणि फोनही मीच केला.

मराठीत ‘-ल्यावर’ला ही अट नाही, म्हणून सावध राहा. मनात वाक्य ‘-ऊन’ने करून पाहा. ‘मी पोचून फोन केला’ चालतं. ‘मी पोचून पाऊस पडत होता’ कुणी म्हणणार नाही. ‘-ऊन’ बसलं तर धातुसाधित चालेल, नाहीतर ‘तून’ने पूर्ण गौण वाक्य करा : ‘तून इक इन आम्स्तर्दाम आनक्वाम, रेखन्दऽ हेत.’

दोन्ही वाक्यांत तुकड्यानंतर लगेच क्रियापद आलं आणि मग कर्ता, हेही पाहून ठेवा. ‘आनखकोमन इन आम्स्तर्दाम इक बेल्दऽ’ नाही. मुख्य वाक्यात क्रियापदाची जागा दुसरी, आणि मोजायचे ते शब्द नाहीत, तुकडे. हसत हसत तो आत आला : ‘लाखन्त क्वाम है बिनन.’

प्रश्न : ‘हेप खलेझन’ आणि ‘खलेझन हेप’ यांतलं बरोबर कोणतं? (पिंपळे सौदागर)

उत्तर : गौण वाक्याच्या शेवटी दोन्ही. ‘ओमदात इक हेत बूक हेप खलेझन’ किंवा ‘खलेझन हेप’. व्याकरणकार पहिल्याला लाल आणि दुसऱ्याला हिरवा क्रम म्हणतात. छापील मजकुरात लाल जास्त दिसतो. मराठीला ‘वाचलेलं आहे’मुळे हिरवा जवळचा वाटतो, तो वापरायला हरकत नाही. पण धातुसाधित नुसती स्थिती सांगत असेल, जसं ‘दुकान बंद आहे म्हणून’, तर हिरवाच घ्या : ‘ओमदात द विंकल खस्लोतन इस.’

मुख्य वाक्यात हा प्रश्नच येत नाही. तिथे ‘हेप’ दुसऱ्या जागी जातो आणि धातुसाधित पार शेवटी : ‘खिस्तरन हेप इक इन पुणे अन बूक खकोख्त.’ हीसुद्धा सांडशीच. मधले तुकडे आपल्याच क्रमाने लावा : आधी वेळ, मग रीत, मग ठिकाण. ‘इक खा मोर्खन मेत द त्रैन नार मुंबई’, मी उद्या ट्रेनने मुंबईला जातो. इंग्रजीच्या क्रमाने ‘मुंबईला ट्रेनने उद्या’ असं केलंत तर डच माणसाला ते विस्कटलेलं वाटतं.

एक वेगळी अडचण ‘मला येता आलं नाही’ची. तिथे दोन क्रियापदं एकत्र येतात, आणि मधल्याचं धातुसाधित न करता मूळ रूपच ठेवायचं : ‘इक हेप नीत कुनन कोमन.’

प्रश्न : ‘मी वाचतोय’ला ‘इक बेन लेझन्त’ का चालत नाही? (बाणेर)

उत्तर : कारण ते इंग्रजीचं भाषांतर आहे. डचमध्ये ‘इक बेन आन हेत लेझन’ म्हणतात. पण त्याहून नैसर्गिक रूप तुमच्या तोंडात आधीच आहे. आपण ‘वाचत बसलोय’, ‘वाट बघत उभी आहे’ म्हणतो, तेही तसंच म्हणतात : ‘इक झित तऽ लेझन’, ‘झै स्तात तऽ वाख्तन’. आडवं पडून झोपलेल्यासाठी ‘है लिख्त तऽ स्लापन’. अंगाची ठेवण खरी असावी एवढीच अट, उभ्याने वाचत असाल तर ‘झित’ म्हणू नका. आणि पूर्ण भूतकाळात नेलंत की ‘तऽ’ बहुतेकदा गळतो : ‘इक हेप झितन लेझन’, मी वाचत बसलो होतो.